पाठीवरच्या फुल्या

दुपारची जेवणं उरकली होती, भांडी निथळत पडली होती आणि बाहेरच्या खोलीत सून इस्त्री करत होती. राखाडी रंगाची सुती पँट आणि त्यावरचा लांब, सैलसर कोट. शिंपिणीकडे खेपा घालून, मनासारखा शिवून घेतलेला. हात वर केला तरी खांद्यात ओढत नाही, बसलं तरी पोटाला काचत नाही, आणि चष्मा ठेवायला खरा खिसा. बायकांच्या कपड्यांना शिवतात तसला खोटा नव्हे.

संध्याकाळी तो घालून तिला व्यासपीठावर उभं राहायचं होतं. ती शहराच्या पाणी खात्यात, प्रयोगशाळेत. खालच्या वस्तीतली पोरं सारखी आजारी का पडतात, ते नळाचं पाणी तपासून तपासून तिनंच शोधून काढलं होतं. ते ऐकायला आज गावोगावची माणसं यायची होती.

कोट चढवून ती आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःलाच आवडली. पण या घरात आरशाचं मत शेवटचं नव्हतं.

सासरे कापडगिरणीत तपासनीस होते. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकायचं, आणि दोष दिसला की हे खडूनं फुली मारायचे. फुलीचं कापड बाजूला, स्वस्तात. गिरणी सुटली, खडू काही सुटला नाही. सदऱ्याच्या खिशात बसून राहिला. मुलाचं लग्न झालं आणि यांना तपासायला नवा माल मिळाला. सून कामाच्या कार्यक्रमाला निघाली की तिनं दिव्याखाली उभं राहायचं, हात पसरायचे, एक गिरकी घ्यायची. यांना खटकेल तिथं फुली. मग आत जाऊन कपडे बदलायचे. सुरुवातीला सगळे हसले होते, म्हातारा थट्टा करतो म्हणून. थट्टेची रीत कधी झाली ते कुणाला कळलं नाही. अशा गोष्टी कळतात कधी?

"वळ," सासरे म्हणाले.

ती वळली.

"कंबर कळते." फुली. "खांदे बाप्यासारखे दिसतात." दुसरी. "आणि मागं ही चीर कशाला?"

"चालताना पाय मोकळा पडावा म्हणून, बाबा."

"पाय मोकळे सोडून जायचंय कुठं?" तिसरी.

सासूबाई तोवर तपकिरी झगा घेऊन दारात हजर. "घाल गं बाई आणि हो मोकळी. ऐकून माझं काय वाईट झालं?"

तो झगा म्हणजे बाह्या लावलेलं पोतं. गेल्या वर्षी अशाच सभेला ती तोच घालून गेली, तर दारावरच्या माणसानं तिला चहाच्या टेबलाकडे पिटाळलं. "कामाच्या बायका तिकडे." पहिल्या रांगेतली तिची खुर्ची रिकामी आणि हिच्या हातात कपबशांचा ट्रे. घरी येऊन सांगितलं, तर नवरा पोट धरून हसला.

आता दुसरी बाजू ऐका. याच नवऱ्याच्या कंपनीची मेजवानी होती, तेव्हा त्यानं स्वतः दुकानात जाऊन अंगाला चिकटणारा, टिकल्याटिकल्यांचा झगा आणला. टिकल्यांनी काखा सोलून निघाल्या, उंच टाचांनी पायाला फोड आले. त्या दिवशी तपासनीसांचा खडू काही खिशाबाहेर आला नाही. उलट म्हणाले, "साहेबांपुढे जायचंय. माल उठून दिसला पाहिजे."

नवऱ्याच्या कामाला जाताना बाईनं झळकायचं, स्वतःच्या कामाला जाताना विझायचं. श्वास दोन्हीकडे कोंडलेलाच.

"बदल ना," बूट घासता घासता नवरा म्हणाला. "तुला काय तिथं नाचायचंय?"

"बोलायचंय."

"मग तोंड आहेच की. त्याला कोट कशाला लागतो?"

तिचा हात झग्याकडे गेलाही होता. तेवढ्यात तिची लेक, आठ-नऊ वर्षांची, आईबरोबर जायचं म्हणून तयार होऊन आली. कुणी सांगितलं नाही, बोलावलं नाही. पोर सरळ दिव्याखाली जाऊन उभी राहिली, हात पसरले, गिरकी घेतली. "आजोबा, माझं कुठं चुकलं?"

म्हातारा खूश. "याला म्हणतात वळण!" गुडघ्यापाशी फ्रॉकवर त्यानं बारीकशी फुली काढली. सासूबाई हसल्या, नवरा हसला. पोरही हसली, बक्षीस मिळाल्यासारखी.

आई हसली नाही. तिनं फडक्याचं टोक ओलं केलं, खाली बसली आणि ती फुली पुसायला लागली. गिरणीचा खडू, सहजी जात नाही. जाईपर्यंत पुसत राहिली. "तुझं कुठंही चुकलेलं नाही," ती म्हणाली. मग उठली, सपाट बूट पायात घातले, पिशवी खांद्याला लावली.

"अगं, झगा!"

"तुमच्याकडेच राहू दे, आई."

"निदान पाठीवरचा खडू तरी पूस," नवरा ओरडला.

"कशाला? बाबांनी एवढं मन लावून काढल्यात. चार माणसांना बघू दे."

सासरे खुर्चीतून उठले. "अशी नाही जायचीस तू!"

"अडवा मग. पोर बघतेय."

कुणी अडवलं नाही. लेकीचा हात धरून ती बाहेर पडली.

सभेत ती छान बोलली. नकाशा दाखवायला भिंतीकडे वळली आणि मागं कुजबुज सुरू झाली. खात्याचे मोठे साहेब पुढे झुकून म्हणाले, "मॅडम, पाठीला खडू लागलाय."

"लागलेला नाही साहेब, लावलेला आहे." माईक चालूच होता. "माझे सासरे कापड तपासायचे, आता मला तपासतात. फुली म्हणजे इथं दोष. आज तीन सापडले." कुणीतरी हसलं, आणि आपण एकटेच हसलो हे कळून गप्प झालं. "चला, पाण्याकडे वळू. तिथं जास्त सापडलेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला असं लिहायला मला आवडलं असतं. झाला नाही. मधल्या रांगेतल्या एका बाईचा हात गळ्याशी टोचणाऱ्या कॉलरकडे गेला आणि तिथंच राहिला, एवढंच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सुनेच्या पाठीचा फोटो. फुल्यांवर रकाना भरून मजकूर, पाण्यावर एक ओळ नाही. खालच्या वस्तीतली पोरं आजारी ती आजारीच.

"घराची अब्रू घालवलीस," नवरा म्हणाला.

"फुल्या मी नव्हत्या काढल्या."

सासऱ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. सासूबाईंनी मात्र न सांगता कोट भिजत घातला. घासता घासता त्यांचा हात थांबला. "माझ्या वेळी खडू नव्हता गं," भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या. "हे नुसतं बघायचे. मी आपली आत जाऊन बदलून यायची." आणि पुन्हा घासायला लागल्या.

पुढच्या कार्यक्रमाला दोघी निघाल्या तेव्हा पोर दिव्याखाली थबकली. सवय! हात उचललेही होते. आईनं फक्त दार उघडून धरलं. पोर एकदा आजोबांकडे बघून, हात खाली घेऊन, धावत बाहेर पडली.

तुमच्या घरी खडू नसेल, मला माहीत आहे. शिकलेली घरं आहेत तुमची. तरी आज लेक किंवा सून कामाला निघाली, की तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवा. आणि मग आपला तळवा उजेडात धरून नीट बघा.