मंगळवारचा झोका

चौकीदार प्रेमदासनं बागेच्या फाटकात बांबू आडवा घातला आणि वरून हात जोडले.

"आज मंगळवार हाये जी, मेंबरसाहेब. मानसायले मनाई हाये."

"मले ओयखत नाई का तू?"

"ओयखतो ना जी. कायदा तं तुमीच केला."

ते खरं होतं. नगरपालिकेनं बाग करायचं ठरवलं तेव्हा बाबारावांना ती आपल्या वॉर्डात हवी होती. पण विहिरीला पाणी लागलं ते दुसरे मेंबर लक्ष्मणराव यांच्या वॉर्डात, आणि बागही तिकडेच गेली. उद्घाटनाला लक्ष्मणरावांच्या गळ्यात पडलेले हार बाबारावांच्या डोळ्यांत अजून सलत होते. त्यात हा गृहस्थ रोज संध्याकाळी बागेत बैठक जमवून बसायचा, जणू बाग त्याच्या सासऱ्यानं आंदण दिली होती. निदान एक दिवस तरी त्याची जिरावी म्हणून बाबारावांनी मंगळवारी बाग फक्त बायकांसाठी ठेवण्याचा ठराव रेटला होता.

आज ते खोट काढायला आले होते. उद्याच्या सभेत बागेतला झोका काढून टाकण्याचा त्यांचा ठराव होता. साखळी कुरकुरते, एखादं लेकरू पडेल, असं काहीबाही कारण त्यांनी जुळवलं होतं. फाटकातून जाता येईना, तेव्हा ते मेंदीच्या कुंपणाशी गेले आणि टाचा उंचावून आत पाहू लागले.

झोक्यावर त्यांची बायको होती.

पदर कमरेला खोचून देवकाबाई उभ्यानं झोका घेत होत्या आणि मागून लोटत होत्या लक्ष्मणरावांच्या शकुबाई.

"अजून जोरानं, शकुबाई! माहेरी केळझरले याच्याहून उंच जात होती मी!"

आणि त्या हसल्या. मोठ्यानं, खळखळून, कोण ऐकतंय याची फिकीर न करता. घरी त्या तोंडाला पदर लावून हसत, तेही पाहुणे गेल्यावर. इतक्या वर्षांच्या संसारात हे हसू बाबारावांच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. बाग त्याची, लोटणारी बायको त्याची, आणि हसणारी तेवढी आपली!

संध्याकाळी पाटावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं,

"दुपारी कुठी गेलती?"

"कुठी नाई जी. घरीच होती." देवकाबाईंनी खाली मान घालून वरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी बाबाराव असे काही तावातावानं बोलले की सभेला झोका म्हणजे यमाचं आसन वाटू लागलं. ठराव पास झाला. लक्ष्मणरावांचं तोंड उतरलं. पण ज्याची इतके दिवस वाट पाहिली ते उतरलेलं तोंड पाहण्यात बाबारावांना काही गोडी वाटली नाही. काढलेल्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा ते स्वतःच बोली लावून उभे राहिले. झोका बैलबंडीत घालून घरी आणला, साखळीला तेल दिलं आणि मंगळवारी सकाळी परसातल्या निंबाला टांगला.

"बस," ते म्हणाले. "आता बागेत जायचं काम नाई."

देवकाबाईंनी झोक्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आपलं गुपित यांना कळलं आहे, हे त्यांना कळलं. त्या आत गेल्या, सूप घेऊन आल्या आणि झोक्यावर बसल्या. दोन्ही पाय जमिनीला टेकवून तुरीची डाळ निवडू लागल्या.

बाबाराव उगाच विहिरीपर्यंत जाऊन आले. बादली सरळ केली. शेजारच्या अंगणात कुणी नाही असं पाहून ते झोक्यामागे गेले आणि त्यांनी हलकेच, अगदी हलकेच लोटलं.

"थांबा जी," देवकाबाई म्हणाल्या. "डाळ सांडन."