पेन्सिलीची फुली

वकीलसाहेब मंत्री झाले तरी अण्णा त्यांना वकीलसाहेबच म्हणायचे. तीस वर्षं ज्यांच्या हाताखाली कारकुनी केली, त्यांना एका शपथविधीपायी नवीन नाव कशाला द्यायचं? बंगल्यावरची माणसं नाकं मुरडायची. मुरडेनात का!

लढाईत वकीलसाहेबांचा उजवा डोळा गेला होता आणि डाव्याला बारीक अक्षर लागत नव्हतं. पायात गोळी शिरली ती वेगळीच. त्यांच्या तुकडीतल्या सुभेदारांनी त्यांना पाठीवर घेऊन सहा मैल चालत आणलं, म्हणून तर पुढचा काळा कोट, कोर्ट, निवडणूक हे सगळं दिसलं. सुभेदार आता जखमी सैनिकांच्या आश्रमात राहायचे. दर रविवारी वकीलसाहेब तिथे पत्ते कुटायला जायचे आणि हरून यायचे.

डोळ्यामुळे ऑफिसात एक रीत पडली होती. अण्णा प्रत्येक कागद पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचे, आणि वाचून झाला की सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली मारायचे. फुली दिसली की सही. पक्षकारांनाही वकीलसाहेब बजावून सांगायचे, न वाचता सही करणं म्हणजे आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं.

मंत्रिपद आलं आणि फायलींचा नुसता डोंगर झाला. अण्णा गाडीत वाचायचे, जिन्यात वाचायचे, साहेब जेवत असताना शेजारी बसून वाचायचे. घसा पार बसायचा. त्यातच त्यांच्या बायकोचं ऑपरेशन निघालं आणि अण्णांनी जन्मात पहिल्यांदा आठ दिवसांची रजा टाकली.

निघायच्या गडबडीत नव्या सेक्रेटरीनं विचारलं, साहेबांना सहीची जागा कशी कळते? अण्णांनी त्याला फुली दाखवली. आधी मोठ्यानं वाचायचं असतं, हे मात्र सांगायचं राहिलं. तीस वर्षं जे रोज केलं ते मुद्दाम सांगायला हवं, हे सुचतं कुणाला? पण राहिलं ते राहिलंच.

त्या आठवड्यात अधिवेशन चालू होतं, वकीलसाहेबांना बसायची उसंत नव्हती. वाचलंय ना, एवढंच ते विचारायचे, आणि सेक्रेटरी हो म्हणायचा. पोरगा खोटं बोलत नव्हता. त्यानं सगळं वाचलं होतं, फक्त मनातल्या मनात, आणि त्याला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं.

महिन्याभरानं सुभेदारांची मुलगी बंगल्यावर आली. मधले सगळे रविवार अधिवेशनानं आणि दौऱ्यांनी खाल्ले होते. वकीलसाहेब हसत उठले, म्हणाले, बस पोरी, म्हातारा रागावलाय ना माझ्यावर? ती बसली नाही. आश्रम बंद झाला होता. सगळ्यांना दूरच्या गावी हलवलं होतं, आणि तिथे नवव्या दिवशी सुभेदार गेले होते. तिनं आदेशाचा कागद टेबलावर ठेवला.

"काका, वाचून केलीत का हो ही सही?"

अण्णा दाराशी उभे होते. सहीखाली फुली अजून दिसत होती. ती आपण मारलेली नाही, हे त्यांनी लगेच ओळखलं. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं, पण ते पुढे झाले.

"फुली मी शिकवली त्याला. वाचायचं सांगायला विसरलो. चूक माझी आहे."

"फुली कुणाची का असेना, अण्णा. सही माझी आहे." मग वकीलसाहेबांनी मुलीला विचारलं, "मला शिव्या देत गेला का?"

"नाही. शेवटपर्यंत म्हणत होते, माझा साहेब वाचल्याशिवाय सही करत नाही. ही दुसऱ्याच कुणाची तरी असणार."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अण्णांना वाटलं. ते तोंड फिरवून रडले.

आदेश त्याच दुपारी मागे घेतला. आठवड्याभरात आश्रमातले सगळे म्हातारे परत आले, एक सोडून. वकीलसाहेब रविवारी तिथे गेले, सुभेदारांच्या रिकाम्या खाटेपाशी तासभर बसले, आणि घरी आले.

सोमवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या मोठाल्या अक्षरात लिहिलेला एक कागद अण्णांच्या हातात दिला. राजीनामा होता. जेमतेम चार ओळी. तुम्हीच तर लिहिलाय, आता वाचायचं काय, असं अण्णा पुटपुटले. वकीलसाहेबांनी ऐकून घेतलं नाही.

अण्णांनी मोठ्यानं वाचला. तिसऱ्या ओळीला अडखळले, तेव्हा थांबून ती ओळ पुन्हा वाचली.

"झाला ना वाचून? मग मारा फुली."

अण्णांनी फुली मारली. वकीलसाहेबांनी कागद डोळ्याजवळ नेला, फुली शोधली आणि सही केली. मग सवयीनं हात पुढे करून म्हणाले, "पुढचा?"

पुढचा कागद नव्हता.