उसनं रक्त

"वहिनी, तुमच्या पाच मरतुकड्या मेंढ्या बघून व्यापारी परत फिरला, तर अख्ख्या वस्तीच्या तोंडात माती जाईल," शहाणा म्हणाला.

शहाणा हे त्याचं नाव नव्हे; ती त्याने स्वतःबद्दल उठवलेली अफवा होती आणि वस्तीने ती खरी मानली होती. थोरला भाऊ गेल्यावर तळ्याकाठचा हिरवा पट्टा त्याने स्वतःकडे ठेवला आणि भावजयीला खडकाळ माळ दिला. "बाईमाणसाला चिखल सोसत नाही," म्हणाला. आता माळावरचं गवत संपलं होतं. या खेपेला व्यापाऱ्याने तिच्या मेंढ्या नेल्या नाहीत, तर त्या दिराच्याच कळपात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

व्यापाऱ्याची अट एकच : मेंढीच्या यकृतात चपटा किडा नको. जुनी चाचणी खरे किडे वाटून केलेल्या अर्काची, कुठल्याही जंतावर भुंकायची. त्यामुळे निकाल वाईट आला की "चाचणीच खोटी" म्हणून लोक मोकळे. यंदा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नवी पट्टी आणली. तिच्यात किडा नव्हताच. किड्याच्या प्रथिनाचा एक बारीकसा तुकडा, पेप्टाइड म्हणतात तो, प्रयोगशाळेत हुबेहूब घडवून पट्टीवर बसवला होता. रक्त याच किड्याशी झुंजलेलं असेल तरच रेघ उमटायची. बाकीच्या जंतांना पट्टी ओळखही देत नव्हती.

पळवाट बुजली म्हणताना शहाण्याने दुसरी काढली. रक्त काढणार कंपाउंडर आणि कंपाउंडर त्याचा मेहुणा. सगळ्यांच्या बाटल्या शहाण्याच्या एकाच मेंढीच्या रक्ताने भरायच्या. तळ्याकाठी चरून ती अशी फुगली होती, की आजार तिला बघून वाट बदलेल असं वस्तीचं मत पडलं. आपल्या मेंढ्यांपेक्षा दुसऱ्याच्या अकलेवर विश्वास ठेवणं सोपं असतं. माणसं बाटल्या घेऊन रांगेत उभी राहिली.

"तुमच्या बाटल्या द्या, वहिनी."

"माझ्या मेंढ्यांच्या अंगात रक्त आहे, भावजी. उसनं कशाला?"

"नुसती हाडं आहेत."

"मग हाडांतनं काढू दे तुमच्या मेहुण्याला."

मेहुण्याने नाक मुरडत काढलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हौदाच्या कट्ट्यावर पट्ट्या मांडल्या. एकजात सगळ्यांवर किड्याची रेघ, तीही सारखीच गडद. कोऱ्या राहिल्या त्या फक्त वहिनीच्या पाच.

"सगळी वस्ती एकाच मेंढीच्या पोटची आहे का हो?" बाईंनी विचारलं. "हा किडा ओलीतल्या गोगलगाईंतून गवतावर येतो. सुरुवातीला मेंढी गुटगुटीतसुद्धा दिसते. मालकाला वाटतं, सुख मानवलं."

म्हणीतल्या अतिशहाण्याचा बैल रिकामा असतो. आमच्या शहाण्याची मेंढी भरलेली निघाली.

व्यापाऱ्याने पाच मेंढ्या टेम्पोत चढवायला घेतल्या. बाकीच्यांतही माळावर चरणारे कळप होते, कदाचित निरोगी. पण त्यांचं खरं रक्त कोणी पाहिलंच नव्हतं. शहाणा खाकरत वहिनीजवळ आला.

"पुन्हा तपासणी मागतो मी. टेम्पो जायच्या आत तुमच्या एका मेंढीचं वाटीभर रक्त... आपलीच माणसं आहेत, वहिनी."

वहिनीने शेवटच्या मेंढीला आत ढकललं.

"तळं तुमचं, गवत तुमचं, भावजी. रक्तही तुमचंच असू दे."

तिने टेम्पोचं फळकं लावलं. शहाणा मागे वळला, तर तिथे वस्ती उभी होती. रिकाम्या बाटल्या घेऊन, रांगेत.