तारीख नसलेलं पाणी

"ताई, तुम्ही फक्त निशाण दाखवायचं. दोन शब्द बोलायचे, तेही वाटलं तर," सचिव म्हणाले आणि त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला.

वर बाबांचा, म्हणजे या मुलांच्या पाणीकाकांचा, फोटो होता. खाली ठळक अक्षरांत 'पाणीकाका स्मृती पदभ्रमण', मग चार दिवसांचा मार्ग, आणि तळाशी एक ओळ: 'पाणीकाकांच्या नोंदींनुसार वाटेवरच्या चारही झऱ्यांना पाणी आहे. प्रत्येकाने तीन लिटर सोबत ठेवावे.'

ती ओळ मी दोनदा वाचली. मंडळाच्या हॉलमध्ये सोळा-सतरा वर्षांची तेवीस मुलंमुली जमिनीवर बसून पाठपिशव्या भरत होती. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती.

"ही नोंद कधीची?" मी विचारलं.

"त्यांच्याच वहीतली. झेरॉक्स आहे आमच्याकडे."

"तारीख?"

"आता ताई, झरे काय कुठे पळून जातात का?"

बाबा एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह सोडायला होते. नकाशात पाईप दिसला की साहेबांना नळाला पाणी आल्यासारखं वाटतं, आणि शिव्या मात्र व्हॉल्व्ह सोडणाऱ्याला बसतात, असं ते म्हणायचे. निवृत्तीनंतर ते या मंडळात मुलांना डोंगरात न्यायला लागले तेव्हा तो अनुभव सोबत घेऊनच आले. कुठल्याही सहलीआधी ते एकटे ती वाट चालून यायचे. प्रत्येक झऱ्याला बाटली लावायची, ती भरायला किती सेकंद लागले ते घड्याळात बघायचं आणि वहीत लिहायचं; तारखेसकट. तारीख नसलेलं पाणी म्हणजे नुसत्या गप्पा, हे त्यांनी मुलांच्या डोक्यात इतकं भरलं होतं की मुलं त्यांची नक्कल करायची.

सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं. तरी पाच आठवड्यांपूर्वी, एकाहत्तराव्या वर्षी, ते हाच मार्ग चालून आले. ओठ फुटले होते. आईने खूप बोलून घेतलं. ते हसत होते. त्यांनी सांगितलं आणि मंडळाला द्यायचं पत्र मी टाइप केलं. ते पत्र मी स्वतः, याच हॉलमध्ये, याच गृहस्थांच्या हातात दिलं होतं. "बघतो," ते म्हणाले होते. त्यानंतर अठराव्या दिवशी बाबा गेले. मंडळाने दोन मिनिटं शांतता पाळली, आणि मग तीन वर्षांपूर्वीची, भरल्या पावसानंतरची यादी काढून तिच्यावर त्यांचं नाव छापलं.

वही माझ्या पिशवीत होती. मी मुलांसमोर उभी राहिले आणि वाचलं.

"पहिला झरा, बाटलीला चाळीस सेकंद. दुसरा, अकरा मिनिटं. तिसरा कोरडा. चौथा कोरडा, तळाशी चिखलसुद्धा नाही. दुसऱ्या मुक्कामापुढे गवत कमरेएवढं, वाळलेलं. खाली उतरायला एकच वाट. वणवा चढाला माणसापेक्षा जोरात धावतो. लागला तर मुलं वर कोंडतील. पावसाआधी नेऊ नये."

मग एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, "काका, आम्ही परवा विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, नवीन नोंद नाहीये."

सचिवांनी घाम पुसला. "हे बघा, तुमच्या भावना मी समजू शकतो ताई. वडील गेलेत. पण परवानग्या आल्यात, पालकांना कळवलंय, टोप्यासुद्धा छापून आल्यात. कोरड्या टप्प्यासाठी पाणी जास्त घेतील मुलं. तरुण आहेत."

"टोप्या आल्यात," मी म्हणाले. "मग काय प्रश्नच मिटला. पोरं होरपळली तर टोप्या वाटता येतील."

माझा आवाज चढला होता. ओरडणार नाही असं आईला कबूल करून निघाले होते.

"किती जास्त घेतील, ते मोजू या का?" मी विचारलं. "दोन दिवस कोरडे. माणशी दिवसाला पाच लिटर. दहा लिटर."

मुलांनी मागच्या टाकीवरून बाटल्या आणि डबे भरले. तंबू, शिधा, पांघरुणं होतीच. त्यावर दहा किलो पाणी. सकाळचे अकरा वाजले होते. मंडळाच्या उघड्या मैदानात ती रांगेत चालायला लागली. पहिल्या फेरीत थट्टा चालली होती. "मला उंट म्हणून भरती केलंय, घरी कळवा," एक जण ओरडला. दुसऱ्या फेरीत रांग तुटली. चौथ्या फेरीला तो उंट गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला आणि एक मुलगी सावलीत जाऊन ओकली.

"हे सपाट आहे," चष्मेवाली सचिवांना म्हणाली. ती धापा टाकत होती. "आणि मागे आग नाहीये. मी येणार नाही. घरीही सांगणार आहे, का ते."

"मीपण नाही," उंट म्हणाला.

एकेक पाठपिशवी जमिनीवर टेकली. मग सचिवांनी फोन काढून गाडी रद्द केली. फोन ठेवून माझ्याकडे वळले तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं.

"चला, पुढे ढकललं. कागद ठेवून देऊ. पाऊस झाला की हेच वापरता येतील."

"नाही," मी म्हणाले. "ती ओळ खोडा. आणि बाबांचं नाव खोडा."

"अहो, सन्मान आहे तो!"

"तो तुमच्याकडेच ठेवा. त्यांनी हे लिहिलेलं नाही."

ते काही हलले नाहीत. मुलांनीच आपापले कागद काढले. कुणी गुडघ्यावर, कुणी पुढच्याच्या पाठीवर कागद ठेवून खोडत होतं. या मुलांना दोरीची गाठ आणि वाऱ्याची दिशा बाबांनी शिकवली होती. तेवीस कागदांवरून माझ्या वडिलांचं नाव जात होतं आणि मी ते उभी राहून बघत होते.

चष्मेवालीने तिचा कागद माझ्याकडे दिला. झऱ्यांची ओळ तिने काळीभोर केली होती. नावावरून मात्र एकच रेघ ओढली होती, केसासारखी बारीक. खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"पेन दे," मी म्हणाले.

तिने दिलं. कागद भिंतीला लावून मी पुन्हा खोडलं, दाबून, काही दिसेनासं होईपर्यंत.