दहाचा निरोप

"दहा वाजता निरोप धाडला व्हता, भाई. तू पाचच्या असरच्या नमाजपर्यंत पोचशील असं वाटलं आमाला."

धाकटा अर्शद दारातच बोलला. नासिरच्या खांद्यावरची बॅगही अजून उतरली नव्हती. अम्माला माती देऊन एक रात्र उलटली होती.

"मला चार वाजता सांगितलं," नासिर म्हणाला.

"नाय. मी स्वतः एसटीडी बूथवरनं मुंबईच्या हापिसात फोन केला. बोलले, जहाजावर वायरलेस गेला."

नासिरच्या बायकोने, जहांआराने, पाणी आणून दिलं. महाडच्या मोहल्ल्यात कालपासून काय चाललं असेल ते त्याला कळत होतं. थोरल्याला आईपेक्षा ड्यूटी मोठी झाली म्हणे.

नासिर तेल शोधणाऱ्या जहाजावर क्रेन चालवायचा. काल दहाला तो जाळीच्या टोपलीतून खालच्या बोटीवरची माणसं वर घेत होता, एका खेपेला चार. मग पाइप, मग सिमेंट. चार वाजता हुक रिकामा झाला आणि कॅप्टनने त्याला बोलावून बसायला खुर्ची दिली. क्रेनवाल्याला एरवी कोण खुर्ची देतो? दहालाच कळलं असतं, तर अकराच्या हेलिकॉप्टरने निघून तो असरच्या आत घरी आला असता.

कॅप्टनला शिव्या द्याव्यात असं त्याला फार वाटलं. पण ही रीत जहाजावर नासिरनेच पाडली होती. मागच्या वर्षी त्याचा जोडीदार, पोलादपूरचा दीपक, क्रेनवर असताना त्याचा बाप गेल्याचा निरोप आला. तेव्हा नासिरच कॅप्टनला म्हणाला होता, "दोरावर माणसं हायेत. काम आटपू दे, मग सांगा." दीपक वेळेत पोचला नाही, बापाला अग्नी त्याच्या धाकट्या भावाने दिला. निरोप कोणी अडवला, हे दीपकला आजही ठाऊक नव्हतं. नासिरला तेव्हा स्वतःच्या शहाणपणाचं कौतुकच वाटलं होतं. आता त्याला त्याची लाज वाटली.

दोघे भाऊ कबरस्तानात गेले. माती अजून ओलसर होती. नासिरने फातिहाची दुआ पढली आणि अर्शदला विचारलं,

"कबरीत कोण उतरला व्हता?"

"मी नि मामू."

"हळू ठेवलंत ना तिला?"

अर्शदने कबरीच्या माथ्याकडे बोट केलं. "भाई, माझा हात सुटला जरासा. डोक्याकडनं. कोणाला बोललो नाय मी."

नासिरने त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"व्हतं रे," तो म्हणाला. "सगळ्यांच्याच हातनं व्हतं."

क्रेनवरच्या बारा वर्षांत नासिरच्या हातून ते एकदाही झालं नव्हतं.