डोंगरामागची जागा

इवानं पुण्यातली नोकरी सोडली आणि कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून एसटीनं शिरूरला आणला. साल दोन हजार. कंपनीत ती कॉम्प्युटरवर चित्रं उमटवणारे प्रोग्राम लिहायची; आता म्हणे, ते कसे लिहायचे याचंच पुस्तक लिहिणार होती. माझं डोकंच फिरलं. पोटच्या पोरीनं असं भरल्या ताटावरून उठावं?

आणि पुस्तक अडलंच. पुढच्या वस्तूनं मागची झाकायची, हे कॉम्प्युटरकडून कसं करवून घ्यायचं, तेच तिला सोप्या भाषेत सांगता येईना. त्यात जुन्या साहेबांचा फोन आला. सोमवारी परत ये, जागा ठेवलीय.

"जा," मी म्हणाले. "पुस्तकाचा नाद सोड आता."

तिचा चेहरा एवढासा झाला.

रविवारी चर्चमध्ये मी मुलांना मोशेची गोष्ट सांगत होते. आमच्या फळ्याला लोकरी कापड लावलेलं असतं, त्यावर कापडी चित्रं चिकटवत गोष्ट सांगायची. मदतीला नवी बाई होती, मोनिका. तिनं आधी मोशे लावला आणि त्याच्यावर डोंगर. मोशे गायब! पोरं खिदळायला लागली.

"अगं, आधी लांबचं लाव," मी खेकसले, "आन् मग जवळचं. म्हंजी आपोआप झाकतंय."

मागच्या बाकावरची इवा उठली ती तडक घरी. प्रार्थनेलासुद्धा थांबली नाही. चर्च सुटल्यावर मी तावातावानं घर गाठलं.

"आई, हे बघ."

पडद्यावर आभाळ आलं, मग डोंगर, मग झाड, मग लुगडं नेसलेली बाई. प्रत्येकानं मागचं झाकलं.

"तुझा फळाच आहे हा. प्रकरण यावरूनच लिहितेय."

"एवढं तर मीबी करते," मी म्हणाले.

तिनं एक बटण दाबलं. बाई जागच्या जागी राहिली, जणू आम्हीच चित्रात चालायला लागलो. झाड बाजूला सरकलं, डोंगराची कड वळली.

"लांबचं कुठलं, जवळचं कुठलं, दर पावलाला नव्यानं ठरवतोय कॉम्प्युटर," इवा हळूच म्हणाली.

माझ्या फळ्यामागे नुसती भिंत असते. इथं माझी लेक मला डोंगराच्या पलीकडे घेऊन चालली होती. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

पलीकडे सगळं कोरं होतं.

"इथं काय हाय गं?"

"काही नाही अजून. मांडायचं राहिलंय. उद्या तर जायचंय ना मला."

"उद्या कुठं न्हाई जायचं," मी म्हणाले. "आधी इथं आपली घोडनदी काढ."