बाळंतिणीची भाजी

सुलेखाबाई लेकीच्या, आश्लेषाच्या, बाळंतपणासाठी नागपूरहून सनीव्हेलला आल्या, त्या डिंक, अळीव आणि शेपूचं बी घेऊन. कस्टमवाल्यानं डिंक उलटासुलटा करून पाहिला. पदराला बांधलेलं बी त्याला दिसलंच नाही. बाळंतिणीच्या ताटाच्या बाबतीत या बाई कुणाच्या बापाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हेत.

बाल्कनीतल्या कुंड्यांत शेपू तरारून आला. नात रेणू तीन महिन्यांची झाली, आईच्या दुधावर छान बाळसं धरलं. जावई निमिष व्हिसाच्या शिक्क्यासाठी भारतात गेला आणि त्याच आठवड्यात डोंगरापलीकडचा अणुप्रकल्प पेटला. पहाटे फोन किंचाळले: खिडक्या बंद करा, बाहेर पडू नका. सुलेखाबाईंनी खिडक्या लावल्या, पण आधी कुंड्या तेवढ्या आत ओढल्या. पानांवर काहीच दिसत नव्हतं. तरी तीन पाण्यांनी धुऊन त्या रोज भाजी करत राहिल्या. दुकानं बंद होती, हिरवं म्हणून घरात तेवढंच होतं.

आता त्या एका शाळेच्या जिममध्ये लेकीशेजारी बसल्या होत्या. माणसाच्या पोटात किती विष गेलंय ते इथे मोजत होते. यंत्र म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे असते तशी खुर्ची, आणि छातीसमोर एक जाडजूड डबा. दोघींचं मोजून झालं होतं. आश्लेषाचा आकडा इतका वर गेला, की यंत्रावरच्या पोरीनं तो दोनदा घेतला. ती हिमानी, पुण्याची.

"मावशी, घर एक, हवा एक," हिमानी म्हणाली. "तुमचं नॉर्मल आलंय, मग ताईंचं एवढं हाय कसं? काही वेगळं खाल्लं का?"

"शेपू," सुलेखाबाई म्हणाल्या. "बाल्कनीतला. हिला रोज देत होते."

"आणि तुम्ही?"

"मी लोणचं-पोळी."

मांडीवरच्या रेणूला आश्लेषानं हळूच छातीपासून लांब धरलं. ते पाहून बाईंना वाटलं, हिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता बाळाची पाळी. हिमानीनं आश्लेषाला जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीमागे थांबवलं. "सॉरी ताई. तुम्ही जवळ असलात तर मशीन तुमच्या अंगातलंही मोजेल. मावशी क्लीन आहेत, त्या घेऊन बसतील."

नशिबाची चेष्टा बघा. ज्या हातांनी ती भाजी वाढली, तेच हात सगळ्या घरात स्वच्छ ठरले.

खुर्चीत बसून सुलेखाबाईंनी रेणूला थोपटलं. पोर रडून रडून दमली आणि झोपली. डबा गुणगुणू लागला. कुणाकडे मागायचं ते न सुचून बाई त्या डब्याकडेच मागू लागल्या: शून्य दाखव रे बाबा, काहीतरी दया कर, हवं तर माझ्या अंगात घाल सगळं. आयुष्यात त्यांनी इतक्या लाचारीनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

हिमानीनं पडद्याकडे पाहिलं. "मावशी, परत एकदा घेऊ या," ती म्हणाली.

परत घेतलं. आकडा तोच आला.

"किती?" आश्लेषानं पट्टीमागून विचारलं.

"दुधातून गेलंय ताई. डॉक्टर पुढचं सांगतील. दूध आजपासून बंद करायचं." हिमानीनं डबा बाजूला सरकवला. "मोजून झालंय. आता तुम्ही तिला घेऊ शकता."

आवाजानं रेणू जागी झाली. भुकेली होती. तोंड फिरवून ती आजीच्या छातीशी काहीतरी शोधू लागली, मिळेना तशी टाहो फोडून रडू लागली. पट्टीपलीकडे आश्लेषाचा कुर्ता दुधानं भिजत गेला. तिनं दोन्ही हात छातीशी आवळले, पण पट्टी ओलांडली नाही.

"नको. माझ्याकडे आली की दूध मागेल."

मग ती आईकडे वळली.

"आई, तू का नाही खाल्लीस ती भाजी?"

सुलेखाबाईंना खोटं सांगायचं होतं. सुचलं नाही.

"तुला पुरावी म्हणून," त्या म्हणाल्या.